रोहिणीचं पाणी आणि यादीत नसलेली माणसं





वर्षावासातल्या मागच्या रविवारी वंदनेनंतर मी जे बोललो, ते लिहून द्या असं आपल्यातल्या काही उपासक-उपासिकांनी सुचवलं. बोलताना थोडं विस्कळीत झालं होतं, म्हणून इथे नीट मांडायचा प्रयत्न करतो. मी भन्ते नाही, पालीचा पंडितही नाही. तुमच्यासारखाच आठवडाभर लॅपटॉपसमोर बसणारा एक उपासक आहे. विषय आहे मोठ्या धरणांचा. धम्मप्रवचनात धरण कुठून आलं, असं काहींना वाटेल. पण बाबासाहेबांच्या मांडणीप्रमाणे सिद्धार्थाने घर सोडलं तेच मुळी नदीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणामुळे.

ही कथा आपल्याला पाठ आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ रातोरात निघून गेला, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. त्यांनी पुढे आणला तो शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद. पाणी आधी कोणी घ्यायचं, यावरून दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसं आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा मिटवावा, असा साधा प्रस्ताव त्याने ठेवला. तो बहुमताने फेटाळला गेला. कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती टाळण्यासाठी सिद्धार्थाने परिव्रज्या स्वीकारली.

धम्मपदाच्या अट्ठकथेत याच नदीची आणखी एक कथा आहे, ती आपल्याकडे कमी सांगितली जाते. ती संबोधीनंतरची आहे. तिथे म्हटलंय की दोन्ही नगरांनी रोहिणीवर एकच बांध घातला होता आणि त्याच पाण्यावर दोघंही शेती करत. ज्येष्ठ महिना आला, पिकं सुकू लागली. पाणी एकालाच पुरेल एवढं उरलं. मजुरांची बाचाबाची झाली, शब्दाने शब्द वाढला, एकमेकांच्या कुळांचा उद्धार झाला आणि बघता बघता दोन्ही सैन्यं शस्त्रं घेऊन नदीकाठी उभी राहिली. तेव्हा तथागत तिथे पोहोचले. त्यांनी राजांना विचारलं, भांडण कशाचं आहे? राजांना सांगता येईना. सेनापतीला विचारलं, त्यालाही ठाऊक नाही. असं विचारत विचारत शेवटी दास आणि मजुरांपर्यंत जावं लागलं, तेव्हा कळलं की भांडण पाण्याचं आहे. मग तथागतांनी विचारलं, पाण्याचं मोल किती? थोडंसं. आणि या क्षत्रियांचं, या माणसांचं? अमोल. मग थोड्या मोलाच्या वस्तूसाठी अमोल असलेलं का नासता?

या कथेतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, खरी माहिती मजुरांकडे होती, निर्णय घेणाऱ्यांकडे नव्हती. दुसरी, तथागतांनी बांध फोडा असं म्हटलं नाही. पाणी अडवू नका असंही म्हटलं नाही. त्यांनी फक्त तराजू नीट धरायला सांगितला. पाणी एका पारड्यात, माणूस दुसऱ्या पारड्यात.

बाबासाहेब आणि धरणं

धरणांवर टीका झाली की आपल्यातले बरेच जण अस्वस्थ होतात. मीही होत असे. कारण भारताच्या जलनीतीच्या पायाभरणीत बाबासाहेबांचा वाटा आहे आणि तो लोकांनी बराच काळ सांगितलाच नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर १९४५ साली कोलकात्यात आणि कटकला ज्या परिषदा झाल्या, त्यांत दामोदर आणि महानदी यांच्या खोऱ्यांचा एकत्रित विचार मांडला गेला. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक ही सगळी कामं एकाच योजनेतून करायची, ही बहुउद्देशीय दृष्टी त्यांनी पुढे नेली. नद्यांचं तांत्रिक काम पाहणारा केंद्रीय आयोगही १९४५ सालीच उभा राहिला.

चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागलेला माणूस अठरा वर्षांनी देशाच्या नद्यांचं नियोजन करतो, याचा अभिमान आपल्याला वाटायलाच हवा. पण अभिमान वाटतो म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेलं नाही.

आमच्या घरातली यादी

आता थोडं घरचं सांगतो. माझा जन्म धरणाच्या वसाहतीतला. कोणतं धरण, कोणता तालुका, ते महत्त्वाचं नाही. महाराष्ट्रात दोन हजारांहून जास्त मोठी धरणं आहेत, देशात सर्वांत जास्त. त्यांतलंच एक. आमचे वडील, अण्णा, तिथल्या कार्यालयात कारकून होते. आमच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेला पहिला माणूस. दोन खोल्यांचं क्वार्टर, चोवीस तास वीज, नळाला पाणी. त्या पगारावर मी शिकलो, जलसंपदा अभियांत्रिकीत एम.टेक. झालो आणि पुढे अनेकांसारखा सॉफ्टवेअरमध्ये येऊन अमेरिकेत पोहोचलो. म्हणजे मी धरणाचा लाभार्थी आहे, हे आधी कबूल करतो.

माझं आजोळ त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव नदीकाठी होतं आणि आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी चढलं तेव्हा सर्वांत आधी तिथे आलं. गावातल्या ज्यांच्या नावावर सातबारा होता, त्यांना मोबदला मिळाला, लाभक्षेत्रात पर्यायी जमीन मिळाली. कमी मिळाली, उशिरा मिळाली, पण मिळाली. आजोबांचं घर गायरानावर होतं. दोन पिढ्यांचं घर, पण कागदावर ते अतिक्रमण. ते दुसऱ्याच्या शेतात राबत. ज्या जमिनीवर राबत ती त्यांची नव्हती, म्हणून तिच्या मोबदल्यात त्यांचा काही हक्क नव्हता. बाधितांच्या यादीत त्यांचं नावच आलं नाही. घराचे वासे आणि कौलं बैलगाडीत भरून ते तालुक्याच्या गावी आले आणि शेवटपर्यंत हमाली करत राहिले.

ती यादी लिहिली होती अण्णांनी. त्यांचं अक्षर सुरेख, म्हणून साहेबांनी त्यांच्याकडून स्वच्छ नक्कल करून घेतली होती. तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. पुढे त्याच बुडालेल्या वस्तीतली मुलगी, म्हणजे आमची आई, त्यांच्या घरात आली. मी एम.टेक. करत असताना एकदा सुट्टीत घरी गेलो आणि मोठ्या उत्साहाने त्यांना लाभ आणि खर्चाचं गुणोत्तर समजावून सांगत होतो. सिंचन प्रकल्प मंजूर व्हायला लाभ खर्चाच्या दीडपट तरी हवा, अवर्षणप्रवण भागात बरोबरी असली तरी चालते, वगैरे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या त्या गणितात तुझे आजोबा कुठल्या रकान्यात आहेत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते लाभात नव्हते आणि खर्चातही नव्हते. ज्याची नोंद नाही, त्याचं दुःख गणितात येत नाही.

न दिलेलं घेणं

आपण दर रविवारी पंचशील घेतो. दुसरं शील काय सांगतं? जे दिलेलं नाही, ते घेणार नाही. आपण याचा अर्थ चोरी न करणं एवढाच लावतो. पण शीलाचे शब्द चोरीपेक्षा मोठे आहेत. देणाऱ्याने दिलं का, हा त्यातला प्रश्न आहे. राज्यसंस्थेने कायद्याने जमीन घेतली म्हणजे ती दिली गेली असं होत नाही. ज्याला विचारलंच नाही, ज्याला मोजलंच नाही, त्याने दिलं कधी?

हे फक्त आमच्या गावाचं नाही. जागतिक धरण आयोगाने २००० साली आपला अहवाल लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यात जगभर धरणांमुळे विस्थापित झालेल्यांचा आकडा चार ते आठ कोटी असा दिला आहे. चार की आठ, यातला फरक पाहा. चार कोटी माणसांची खात्रीने मोजदादच झालेली नाही. भारतातल्या विस्थापितांत साधारण ४० टक्के आदिवासी असल्याचं अभ्यासक सांगतात, आणि देशाच्या लोकसंख्येत आदिवासी आहेत नऊ टक्क्यांहूनही कमी.

सरदार सरोवराचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं त्याच्या बुडीत क्षेत्रात आली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली जमिनीला जमीन हे तत्त्व मान्य केलं होतं आणि कुटुंबाला किमान दोन हेक्टर द्यायला सांगितलं होतं. कागदावर हे त्या काळातलं चांगलं धोरण होतं. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जंगलजमीन ज्यांच्या नावावर नव्हती, त्यांचं काय? तेही अतिक्रमणदारच ठरत होते. जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ साली या प्रश्नावर बोट ठेवलं आणि पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांना आणि माझ्या आजोबांना एकाच शब्दाने यादीबाहेर ठेवलं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

टेनेसीचा आरसा

दामोदर खोऱ्याची योजना कोणत्या नमुन्यावर बेतली होती, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. आपण राहतो तिथून गाडीने चार तासांवर असलेल्या टेनेसी खोऱ्याच्या नमुन्यावर. या वर्षी आम्ही दोन-तीन कुटुंबं मिळून नॉरिस धरण पाहायला गेलो होतो. १९३३ ते १९३६ मध्ये बांधलेलं, टेनेसी व्हॅली अथॉरिटीचं पहिलं धरण. तलाव सुंदर आहे, होड्या आहेत, झाडांचे रंग आहेत. माझ्या मुलीने विचारलं, “बाबा, या पाण्याखाली लोक राहायचे का?”

राहायचे. सुमारे तीन हजार कुटुंबं उठवली गेली. पाच हजारांहून जास्त थडगी उकरून दुसरीकडे नेली गेली. मृतांची काळजी घेतली, ही चांगलीच गोष्ट. पण जमिनीचा पैसा मिळाला तो जमीनमालकांना. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुळांना त्यात हक्क नव्हता. आणि धरणावरच्या कामगारांसाठी नॉरिस नावाचं जे आदर्श गाव वसवलं, त्यात कृष्णवर्णीय कुटुंबांना घर मिळत नव्हतं. एन.ए.ए.सी.पी. या त्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला होता. दामोदरला जो नमुना आला, त्या नमुन्यातच ही फट होती. जमीन नसलेला माणूस त्या फटीतून खाली पडतो, मग तो टेनेसीतला असो की साताऱ्यातला.

दामोदरवरच्या पंचेत धरणाचं उद्घाटन ६ डिसेंबर १९५९ रोजी झालं. बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, तिसरा. पंडित नेहरूंनी बुधनी मेझान या संथाळ मजूर मुलीच्या हातून बटण दाबून घेतलं. तिने नेहरूंना हार घातला, म्हणजे तिचं त्यांच्याशी लग्न लागलं, असं म्हणत तिच्या समाजाने तिला वाळीत टाकलं. पुढे तिची नोकरीही गेली आणि ती परत मिळायला अनेक वर्षं लागली. २०२३ साली तिचं निधन झालं. छायाचित्रापुरतं मजुराला पुढे उभं करणं वेगळं आणि त्याला निर्णयात वाटा देणं वेगळं.

नदी एकटी नसते

पटिच्चसमुप्पाद आपल्याला सांगतो की कोणतीही गोष्ट एकटी उभी नसते. हे आहे म्हणून ते आहे. नदी हे त्याचं उघड्यावरचं उदाहरण आहे. भिंत उभी राहिली की गाळ मागे अडतो. गाळ अडला की खालची शेतं आणि त्रिभुज प्रदेश उपाशी राहतात, समुद्र आत सरकतो. माशांची वाट बंद होते, मग मासेमाराची चूल बंद होते. बुडालेलं जंगल पाण्याखाली कुजतं आणि त्यातून मिथेन वायू निघतो. कालव्याखालच्या शेतात पाणी बेसुमार झालं की जमीन क्षारपड होते. सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. आणि पाण्याच्या दाबाने जमीनसुद्धा हलते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ आजही कोयनेचा अभ्यास करतात.

हे बदलता येतं का? येतं. याच देशात क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत काढून टाकली गेली. तिथल्या युरोक, कारुक या आदिवासींनी त्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. त्याच वर्षी सामन मासा वरच्या पाण्यात परतला. सगळीच धरणं पाडा, असं मी म्हणत नाही. ज्या देशात शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो, तिथे असं म्हणणं सोपं नाही आणि योग्यही नाही. पण एकदा बांधलं म्हणजे प्रश्न संपला, असंही नसतं.

पाणी कोणाकडे जातं?

आता बाबासाहेबांकडे परत येऊ. १९४६ साली त्यांच्याकडचं ते खातं गेलं. धरणं प्रत्यक्षात उभी राहिली ती त्यानंतर. पण १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यांनी काय मांडलं? शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, कोणी जमीनदार नसावा, कोणी कूळ नसावा, कोणी भूमिहीन मजूर नसावा. या दोन गोष्टी एकत्र वाचा. त्यांच्या विचारात नदीचं नियोजन होतं, तसा जमिनीचा न्यायही होता. आपण धरण घेतलं आणि न्याय मागे ठेवला.

न्यायाशिवाय धरण म्हणजे काय? पाणी जमिनीमागे जातं आणि जमीन जातीमागे. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचं घर बुडतं तेव्हा त्याला मोबदला नाही आणि कालवा येतो तेव्हा त्याला पाणी नाही. महाराष्ट्रात लागवडीखालच्या थोड्याशा जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो, आणि बुडालेल्या गावांच्या पुनर्वसित गावठाणांत उन्हाळ्यात टँकर येतो.

दुसरी वाट मात्र दाखवली गेली आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरला. भूमिहीनालाही वाटा मिळाला. उसाला बंदी घातली. हा काही धम्माच्या नावाने झालेला प्रयोग नव्हता, पण रोहिणीकाठचा तराजू तिथे नीट धरला गेला.

आपण काय करायचं?

आपण सातासमुद्रापार आहोत, आपला काय संबंध, असं म्हणू नका. आपणही गाव सोडून आलो, पण तिकीट काढून आलो. आजोबांना तिकीट नव्हतं. आणि आपल्यातले बहुतेक जण संगणकावर काम करतात. आपली क्लाउड सेवा आभाळात नसते. तिची डेटा सेंटरं जमिनीवर असतात, वीज आणि पाणी पितात. आपल्या या जॉर्जियातच ती भराभर वाढत आहेत. सम्यक आजीविका म्हणजे फक्त शस्त्र आणि विष न विकणं नव्हे. माझ्या कामाची किंमत कोण मोजतो, हे विचारणंही त्यात येतं. कोणताही मोठा प्रकल्प समोर आला, धरण असो की आणखी काही, तर तीन प्रश्न विचारा. यादीत कोण नाही? पाणी कोणाकडे जाणार? आणि मजुराला विचारलं का?

एक काम मात्र या वर्षावासातच करू. आपल्यातल्या किमान पाच-सहा कुटुंबांची गावं धरणाखाली गेली आहेत, हे मला बोलता बोलता कळलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन करा. बुडालेल्या वस्तीचं नाव, किती घरं होती, कोण कुठे गेलं, कोणाचं नाव यादीत आलं नाही, हे लिहून घ्या. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत, फार वेळ उरलेला नाही. त्यांच्या नातवंडांना प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी कागद जमवताना मदत लागते, अर्ज भरायला, तालुक्याला खेपा घालायला पैसे लागतात. आपण विहारासाठी आणि पुतळ्यांसाठी दान देतो, ते द्यावंच. त्यातला एक भाग या कामासाठी ठेवू या. हेही दानच आहे, आणि न दिलेलं घेतलं गेलं त्याची थोडीशी परतफेडही.

अण्णा आता नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी एक वही केली होती. त्याच सुरेख अक्षरात, आईला विचारून विचारून, बुडालेल्या वस्तीतल्या त्या माणसांची नावं त्यांनी लिहून काढली, जी पहिल्या यादीत आली नव्हती. एकतीस नावं आहेत. पहिलं नाव आजोबांचं. ही वही कोणत्याही कार्यालयाने मागितली नव्हती आणि तिच्यावर कसलाही शिक्का नाही. पण ज्याची नक्कल केली, ती चूक आपल्याच हाताने दुरुस्त करावी, एवढं त्यांना वाटलं होतं.

पुढच्या रविवारी ती वही मी विहारात घेऊन येईन. तुमच्याकडची नावं तुम्ही आणा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!